सैनिकाच्या लेकराचा सांभाळ

सीमेवरील जवानास शत्रूपेक्षा घोर असतो तो मागे राहिलेल्या लेकराचा. नोकरी करणाऱ्या त्याच्या पत्नीने मूल कोणाच्या हवाली करावे? २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली खरी. परंतु लहान कचेरीतील मातेस तिचा काय उपयोग? त्यातून बदलीगणिक गाव नवे, शेजार नवा! अमेरिकेने १९८९ मध्ये कायदाच केला: लष्करी पाळणाघराचे शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नानुसार, आणि वर्षातून किमान ४ वेळा पूर्वसूचनेवाचून तपासणी. आमच्या प्रत्येक छावणीत हाच दंडक असावा. विश्वास जाहिरातीने मिळत नाही. अवचित उघडता येणाऱ्या दाराने मिळतो. जवानाचा गौरव भाषणांतून पुष्कळ झाला. आता त्याच्या लेकराची सोय करा!