सम्राटाचं मुंडकं आणि आपला दिवाणखाना

परवा शनिवारी एका जुन्या ऑफिसमित्राकडे जेवायला गेलो होतो. टीव्हीशेजारी काचेचं कपाट, आत छोटे दिवे, आणि दिव्यांखाली रोमन साम्राज्य. दहा-बारा नाणी, मधोमध वीतभर उंचीचा ब्राँझचा अर्धपुतळा.

"मार्कस ऑरेलियस," तो म्हणाला.

"कुठे सापडला?"

"म्युनिकच्या एका डीलरकडे."

"तसं नाही रे. जमिनीत कुठे सापडला?"

नवीन गाडीतलं लोखंड कुठल्या खाणीतलं असं विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला.

(पुतळा बहुधा नक्कल असावा. तसं असेल तर माझं काहीच भांडण नाही. नकली सम्राट कोणाचं काही बिघडवत नाही. खरा असेल तर मात्र भानगड आहे.)

स्पष्टच सांगतो. कागद नसलेली जुनी वस्तू विकत घेणं हा छंद नाही, ती चोरीच्या धंद्याला दिलेली वर्गणी आहे. मला मोठेपणा मिरवायचा नाही, कारण ही वर्गणी मीही दिलीय. फ्रँकफर्टला ऑनसाइट असताना एका रविवारी जुन्या बाजारात कॉन्स्टंटाइनचं एक छोटं ब्राँझचं नाणं घेतलं. मागे दोन शिपाई, मध्ये निशाण. दोन बिअरच्या किमतीत सतराशे वर्षं खिशात! आठवडाभर हवेत होतो.

आता बुबोनची गोष्ट. नैऋत्य तुर्कस्तानात बुबोन नावाचं एक प्राचीन गाव आहे. तिथे रोमन सम्राटांच्या पूजेसाठी बांधलेल्या एका वास्तूत त्यांचे ब्राँझचे पुतळे ओळीने उभे होते, खाली चौथऱ्यांवर नावं कोरलेली. १९६०च्या दशकात चोरट्या खोदाईत हे पुतळे निघाले आणि परदेशी गेले. पुरातत्त्ववाले १९६७ साली पोचले तेव्हा बहुतेक चौथरे रिकामे होते. सेप्टिमियस सेव्हेरसचं म्हणून ओळखलं जाणारं धड बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमात होतं, डोकं कोपनहेगनच्या म्युझियमात होतं! क्लीव्हलंडच्या म्युझियमने १९८६ साली एक बिनडोक्याचा मार्कस ऑरेलियस घेतला. २०२३ साली न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्यावर जप्ती आणल्यावर पाटी बदलली, 'वस्त्र पांघरलेला पुरुष' झाला, आणि म्युझियम कोर्टात गेलं. शेवटी पुतळ्यातली माती तपासली, पायांचा मेळ बुबोनच्या दगडी चौथऱ्याशी लागला, आणि २०२५ साली सम्राट तुर्कस्तानला परत गेला.

पुतळा निदान एवढा मोठा असतो की कोणीतरी भांडतं. नाण्याचं काय? ब्रूटसने सीझरच्या खुनानंतर पाडलेलं, दोन खंजीर असलेलं एक सोन्याचं नाणं २०२० साली लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. मागच्या मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं. ते ३२ लाखांचं होतं म्हणून. माझ्या कॉन्स्टंटाइनसाठी कोण चौकशी करणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, अशी नाणी लाखोंनी पाडली. एकाने काय फरक पडतो?"

फरक कसा पडतो ते बघायला रोमला जायची गरज नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. एकाने दुसऱ्याचा खजिना घेतला आणि त्याच्या तोंडावर आपली मोहोर उठवली, हे एका मडक्याने सांगितलं. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती तर? तेरा हजार दिवाणखान्यांत तेरा हजार सुंदर चांदीच्या चकत्या. आपल्या भाषेत बोलायचं तर डेटा सगळा आहे, पण टेबलांमधली नाती कोणीतरी पुसून टाकलीत. तो डेटाबेस तुम्ही कितीला घ्याल?

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे. नाणकशास्त्राचं बरंचसं काम हौशी संग्राहकांनीच केलंय, हे खरं आहे. पण ते कॅटलॉग करणारे, वजनं घेणारे, छापणारे लोक होते. कपाटात दिवे लावणारे नव्हते. आणि कायदेशीर वाट आहे ना! इंग्लंडमध्ये १९९७ पासून मेटल डिटेक्टरवाल्यांनी सापडलेली वस्तू कुठल्या शेतात मिळाली ते नोंदवायची सोय आहे. दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात, आणि नोंदणी झाल्यावर बरीच नाणी सापडणाऱ्याकडेच राहतात. असं नाणं घ्या, खुशाल घ्या. थोडं महाग पडेल. नाहीतर निदान १९७०च्या युनेस्को कराराआधीपासूनची मालकी दाखवणारा कागद मागा. दहा हजारांचा फोन घेताना आपण बिल, बॉक्स, वॉरंटी सगळं तपासतो आणि दोन हजार वर्षांच्या वस्तूला 'युरोपातला जुना संग्रह' एवढे तीन शब्द पुरतात? च्यायला, कोणाचा संग्रह? किती जुना?

जेवताना वाद बराच रंगला. वहिनींनी शेवटी श्रीखंड आणून तह घडवला. रविवारी मित्राने डीलरला मेल टाकली: आधीचा मालक कोण, पुतळा कुठल्या देशातून आणि कुठल्या साली बाहेर पडला. आज सहावा दिवस, उत्तर नाही. एरवी हाच माणूस तासाभरात नवीन मालाचे फोटो पाठवतो म्हणे.

माझ्या कॉन्स्टंटाइनची पावतीही काल ड्रॉवर उपसून काढली. तिच्यावर किंमत आहे आणि तारीख आहे. बाकी जागा कोरी.