कारखाना वाढला, कामगाराचा वाटा का घटला?

प्लेसमेंटचा सीझन आला की कॉलेजात एकच शब्द ऐकू येतो: पॅकेज! कुणाला किती मिळालं यावर तासन् तास चर्चा रंगतात. पण ज्या कारखान्यात आपण नोकरीला जाणार, तिथे मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला काय मिळतं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. तो पडायला हवा, असं मला वाटतं.

हिशेब सोपा आहे. समजा, कारखान्याने १०० रुपयांचा माल विकला. त्यातून कच्चा माल, वीज, इंधन, यंत्रांची झीज असा खर्च वजा जाता २० रुपये उरले. हे २० रुपये म्हणजे त्या कारखान्याने खरोखर निर्माण केलेलं मूल्य. मजुरी, पगार, व्याज, भाडं आणि नफा हे सगळं त्यातूनच निघतं.

आपल्या देशात केंद्र सरकार दरवर्षी नोंदणीकृत कारखान्यांची पाहणी करतं. तिचे आकडे डोळे उघडणारे आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या मूल्यात कामगारांच्या मजुरीचा वाटा सुमारे ३० टक्के होता. २००७-०८ पर्यंत तो १० टक्क्यांच्या आसपास आला. याच काळात नफ्याचा वाटा मात्र सुमारे २० टक्क्यांवरून निम्म्यावर गेला. पुढे मजुरीचा वाटा थोडा सावरला, पण ३० टक्क्यांच्या जवळपासही पोचला नाही.

यावर आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, "त्यात काय एवढं? ऑटोमेशन आलं, माणसं कमी लागतात." हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं बघायचं असेल तर चाकण, रांजणगाव किंवा वाळूजला शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहा. एकाच लाइनवर काम करून दोन प्रकारची माणसं बाहेर पडतात: पर्मनंट आणि कॉन्ट्रॅक्टवाले. मशीन तेच, काम तेच, पगार मात्र वेगळा. हा फरक ऑटोमेशनने कसा पडेल? २०००च्या सुमारास कारखान्यांतल्या दर पाच कामगारांत एक कंत्राटी होता. आता पाचांत दोन आहेत. ज्याला उद्या कामावर येऊ नको म्हणता येतं, तो पगारवाढ कोणत्या तोंडाने मागणार?

समान कामाला समान मजुरी ही तरतूद केंद्राच्या १९७१च्या कंत्राटी कामगार नियमांतच होती. कागदावर! २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद केली तरी तिथले कामगार आपोआप कायम होत नाहीत. तिथून कामगाराची बाजू आणखी लंगडी झाली.

"मजुरी वाढवली तर उद्योग पळून जातील," हा नेहमीचा मुद्दा. पण उत्पादकतेच्या वेगाने मजुरी वाढली तरी मालकाचा वाटा होता तेवढाच राहतो, कमी होत नाही. शिवाय या कामगारानेच उद्या फ्रिज, मोटारसायकल विकत घ्यायची आहे. त्याच्या खिशात काही नसेल तर माल घेणार कोण?

आता आपल्याविषयी. त्या पाहणीत मॅनेजर, सुपरवायझर यांचे पगार कामगारांच्या मजुरीपासून वेगळे मोजतात, आणि १९९०नंतर ते कामगारांच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने वाढले. इंजिनिअर म्हणून आपण बहुतेक याच रकान्यात जाणार. म्हणजे या वाटणीत आपण निव्वळ प्रेक्षक नाही.

उद्या आपणच टाइम स्टडी करू, 'मनुष्यबळ कपात'चे तक्ते बनवू. वाया जाणारा माल वाचवला, वीज वाचवली, तर ते खरं इंजिनिअरिंग. पण पर्मनंट माणूस काढून त्याच जागी निम्म्या पगारावर कंत्राटी उभा केला, तर वाचलं काहीच नाही. एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातलं, एवढंच. निदान रिपोर्टमध्ये त्याला 'कार्यक्षमता' हे नाव देऊ नका.