विश्लेषण : बेसबॉलमध्ये चेंडू थेट होम प्लेटवर का फेकत नाहीत? ‘कटऑफ’ आणि ‘रिले’ची जबाबदारी कुणाची?

२७ ऑक्टोबर २०२५. लॉस एंजेलिसमध्ये वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना. डॉजर्स आणि टोरंटो ब्लू जेज यांच्यात ५-५ अशी बरोबरी. दहाव्या इनिंगमध्ये टोरंटोच्या नेथन ल्यूक्सने उजव्या कोपऱ्यात फटका मारला आणि पहिल्या बेसवरचा डेव्हिस श्नायडर थेट होम प्लेटकडे धावत सुटला. आउटफिल्डर तेओस्कर हर्नांडेझने चेंडू उचलला, पण होम प्लेटकडे फेकला नाही. तो मध्ये उभ्या असलेल्या टॉमी एडमनकडे दिला. एडमनने वळून कॅचर विल स्मिथकडे फेकला आणि श्नायडर बाद झाला. पुढे हा सामना १८ इनिंगपर्यंत लांबला आणि फ्रेडी फ्रीमनच्या होम रनवर डॉजर्सनी ६-५ असा जिंकला. ती एक फेक चुकली असती, तर टोरंटोने तिथेच आघाडी घेतली असती. एडमन नेमका त्या जागी कसा पोहोचला?

कटऑफ आणि रिले म्हणजे काय?

दोन्हींत इनफिल्डर हा मधला दुवा असतो. फटका लांब गेला असेल आणि एका फेकीत चेंडू पोहोचणार नसेल, तर इनफिल्डर मैदानात आत जातो, चेंडू घेतो आणि पुढे फेकतो. हा रिले. चेंडू एका फेकीत पोहोचण्याजोगा असला, तरी त्या रेषेत एक खेळाडू उभा राहतो. गरज पडली तर तो चेंडू मध्येच अडवतो, नाहीतर जाऊ देतो. हा कटऑफ. अडवायचा की सोडायचा, हे तो स्वतः ठरवत नाही. त्याची पाठ बेसकडे असते. म्हणून कॅचर किंवा त्या बेसवरचा खेळाडू ओरडून सांगतो.

थेट फेकले तर वेळ वाचणार नाही का?

वाटते तसे, पण गणित वेगळे आहे. डॉजर स्टेडियममध्ये होम प्लेटपासून उजव्या कोपऱ्यातला खांब ३३० फूट, म्हणजे सुमारे १०० मीटरवर आहे. इतक्या लांब फेकायचे तर चेंडू उंच उडवावा लागतो. उंच गेलेला चेंडू हवेत जास्त वेळ राहतो आणि हवेच्या विरोधामुळे त्याचा वेगही घटत जातो. दोन छोट्या फेकी सपाट आणि वेगवान करता येतात. चेंडू हातात घेऊन वळण्यात थोडा वेळ जातो, पण लांबच्या फेकीत तो बहुधा भरून निघतो.

दुसरा मुद्दा अचूकतेचा. फेकीची दिशा फक्त एका अंशाने चुकली, तर ९० मीटरवर चेंडू सुमारे दीड मीटर बाजूला जातो. ४५ मीटरवर हीच चूक पाऊण मीटरच्या आसपास राहते. शिवाय पहिली फेक थोडी भरकटली, तरी मधला खेळाडू दोन पावले सरकून ती दुरुस्त करतो. कॅचरपर्यंत पोहोचते ती फक्त दुसऱ्या फेकीची चूक.

धावकाकडे किती वेळ असतो?

बेसमधले अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर. पहिल्या बेसवरून होम प्लेटपर्यंत तीन टप्पे, म्हणजे ८२ मीटर. मेजर लीगमध्ये खेळाडूचा सर्वसाधारण धावण्याचा वेग सेकंदाला २७ फूट मानला जातो. म्हणजे साधारण दहा सेकंद. तेवढ्यात चेंडू कोपऱ्यातून उचलून, फेकून, झेलून, पुन्हा फेकून कॅचरच्या हातात यायला हवा.

कुणी कुठे उभे राहायचे?

फटका कुठे गेला आणि बेसवर कोण आहे, यावर ते ठरते. सर्वसाधारण पद्धत अशी :

• डावीकडे लांब फटका : शॉर्टस्टॉप रिलेसाठी बाहेर जातो.
• उजवीकडे लांब फटका : सेकंड बेसमन जातो. एडमन तिथे होता तो याचमुळे.
• दुसऱ्या बेसवर धावक आणि डावीकडे सिंगल : होम प्लेटच्या फेकीसाठी थर्ड बेसमन कटऑफ होतो, तिसरा बेस शॉर्टस्टॉप सांभाळतो.
• तसाच सिंगल मध्ये किंवा उजवीकडे : फर्स्ट बेसमन कटऑफ होतो.
• पिचर : होम प्लेट किंवा तिसऱ्या बेसच्या मागे उभा राहून सुटलेला चेंडू अडवतो.

लांब फटक्यावर अनेकदा रिले करणाऱ्याच्या काही मीटर मागे दुसरा इनफिल्डरही उभा राहतो. फेक डोक्यावरून गेली किंवा टप्पा विचित्र पडला, तर चेंडू त्याच्याकडे येतो.

हे चुकले तर काय होते?

२०२४च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना आठवा. आठव्या इनिंगमध्ये यांकीज २-१ असे पुढे होते. शोहेई ओतानीचा फटका भिंतीवर आदळला आणि तो दुसऱ्या बेसवर पोहोचला. ह्वान सोटोची फेक ग्लेबर टोरेसला नीट पकडता आली नाही आणि ओतानी तिसऱ्या बेसवर गेला. मग मूकी बेट्सचा उंच फटका झेलला गेला, तरी त्यावर ओतानी धाव घेऊ शकला आणि बरोबरी झाली. दहाव्या इनिंगमध्ये फ्रीमनच्या ग्रँड स्लॅमने डॉजर्स ६-३ असे जिंकले.

आउटफिल्डरने कटऑफच्या डोक्यावरून फेकले, तर नुकसान दुहेरी असते. पुढचा धावक बाद होत नाही आणि मागचा फुकट एक बेस पुढे सरकतो. मात्र निर्णयाच्या अशा चुकीला अधिकृत गुणलेखनात ‘एरर’ म्हणत नाहीत. खेळाडूच्या आकडेवारीत ती बरेचदा दिसतच नाही.

डेरेक जेटरची ‘फ्लिप’ काय होती?

१३ ऑक्टोबर २००१, ओकलंड. यांकीज मालिकेत ०-२ असे मागे आणि सामन्यात १-० असे पुढे. टेरेन्स लाँगच्या फटक्यावर जेरेमी जिआंबी पहिल्या बेसवरून होम प्लेटकडे धावला. शेन स्पेन्सरची फेक दोन्ही कटऑफ खेळाडूंच्या डोक्यावरून गेली. शॉर्टस्टॉप जेटर धावत आला, चेंडू उचलला आणि बाजूला असलेल्या कॅचर होर्हे पोसाडाकडे नुसता ढकलला. जिआंबी बाद. यांकीजनी तो सामना १-० आणि पुढे मालिका ३-२ अशी जिंकली. योजनेतले दोन्ही दुवे तुटल्यावर तिसरा माणूस चेंडूच्या मागे होता, म्हणून हे शक्य झाले.

आपल्यासाठी याचे महत्त्व काय?

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटबरोबर बेसबॉल-सॉफ्टबॉललाही मंजुरी मिळाली. त्यामुळे क्रिकेटसाठी टीव्ही लावणाऱ्या अनेकांसमोर हा खेळही येईल. तेव्हा फटका बसल्यावर फक्त चेंडूकडे पाहू नका. ज्यांच्याकडे चेंडू नाही ते खेळाडू कुठे धावत आहेत, ते पाहा. धाव जाणार की वाचणार, याचा अंदाज तिथेच येतो.