आपली अक्षरे परवान्यावर ठेवू नका

संगणक बिघडतो, दुरुस्तीनंतर विंडोज नव्याने बसवले जाते, विकत घेतलेली लेखनप्रणालीही पुन्हा टाकली जाते. आणि दहा वर्षांपूर्वीचे मराठी निवेदन उघडावे तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. सीमाभागातील मंडळे, वाचनालये आणि वकिलांच्या कचेऱ्यांना हा अनुभव नवा नाही. 'फाइल खराब झाली' असे समजून ती पुसून टाकणे मात्र घातक आहे. मजकूर बहुधा शाबूत असतो.

येथे दोन निराळे दोष एकत्र मिसळलेले असतात. पहिला परवान्याचा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस पुन्हा बसवल्यावर सक्रिय झाले नसेल, तर फाइल उघडते, वाचता आणि छापता येते. दुरुस्त्या करता येत नाहीत. ज्या खात्यावर खरेदीची नोंद आहे त्याच खात्याने प्रवेश करावा आणि संगणकाची तारीख तपासावी. जुन्या मराठी प्रणालींपैकी काही डोंगलवर चालत. डोंगल लावूनही प्रणाली सुरू होत नसेल, तर त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. खरेदीची पावती आणि परवाना क्रमांक दस्तऐवजाइतक्याच काळजीने जपावेत. चोरीची प्रत हा यावरचा उपाय नव्हे. हक्कांसाठी भांडणाऱ्यांनी इतरांचे हक्क पायदळी तुडवू नयेत.

दुसरा दोष अक्षरांचा, आणि तोच अधिक गंभीर. जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. फाइलमध्ये रोमन अक्षराचा संकेत असतो आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. तोच फॉन्ट पुन्हा बसवला की मजकूर परत दिसतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो.

तरीही युनिकोडच्या फाइलींत एक बारीक अडचण येते. विंडोज १० पासून 'मंगल' हा फॉन्ट ऐच्छिक घटकांत गेला आहे. तो नसेल तर दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो, ओळी सरकतात आणि पृष्ठांक बदलतात. अनुक्रमणिकेत दिलेला पृष्ठांक आणि प्रत्यक्ष पान जुळले नाही, तर न्यायालयात त्याचा त्रास होतो. विंडोजच्या ऐच्छिक घटकांतून देवनागरी पूरक फॉन्ट घेतले की प्रश्न मिटतो.

माझे म्हणणे या दुरुस्त्यांच्या पलीकडचे आहे. संविधानाचे अनुच्छेद २९ आपल्याला भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क देते. अनुच्छेद ३५० राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इतकी वर्षे चालणाऱ्या लढ्यात ठराव, निवेदने आणि पत्रव्यवहार हीच आपली शिदोरी आहे. कायद्याने जपावयाचे इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे संदर्भासाठी वापरता येतील असे उपलब्ध राहिले पाहिजेत, ही अट माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये आहे. ज्या फाइलीत 'खानापूर' हा शब्द शोधूनही सापडत नाही, ती ही कसोटी कशी उतरणार?

'आमच्या टंकलेखकांचा हात जुन्या कळफलकावर बसला आहे,' अशी सबब ऐकू येते. ती खरी असली तरी पुरेशी नाही, कारण टंकयंत्राच्या धर्तीचा कळफलक वापरूनही युनिकोडमध्ये लिहिता येते.

म्हणून प्रत्येक संस्थेने जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे काम हाती घ्यावे, तेही चालू संगणकावर जुना फॉन्ट शाबूत असतानाच. रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. तेव्हा मूळ छापील प्रतीशी ताडून, विशेषतः नावे आणि सर्व्हे क्रमांक, दोघांनी वाचून घ्यावेत. मूळ फाइल पुसू नये. रूपांतरित प्रत दोन ठिकाणी ठेवावी आणि ती लिब्रेऑफिससारख्या मोफत प्रणालीतही उघडून पाहावी.

लेखनप्रणाली भाड्याने घेता येते. तीत लिहिलेली अक्षरे आपल्या मालकीची असली पाहिजेत. ज्यांना आपल्या भाषेतील कागद पुन्हा पुन्हा पुरावा म्हणून दाखवावा लागतो, त्यांनी तरी ही मालकी दुसऱ्याच्या हाती देऊ नये.