आवाजाची झीज कोण मोजणार?

डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव जगाला ठाऊक झाले ते जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांमुळे. अशा चित्रांच्या मध्यभागी पुष्कळदा तारपा वाजविणारा असतो आणि नाचणाऱ्यांचे वेटोळे त्याच्याभोवती फिरत असते. तारप्यात अगदी हळू फुंकले तर नुसती हवा जाते. फुंकीचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजेच आतली पातळ पाती थरथरते व नाद निघतो. मनुष्याच्या कंठाचेही असेच आहे. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेचा दाब एका किमान पातळीस पोचल्याखेरीज स्वररज्जू कंप पावत नाहीत. बोलण्याच्या नेहमीच्या पट्टीत निरोगी माणसास तीन-चार सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब पुरतो.

कंठ थकला की ही पातळी वर चढते, असे मानण्यास आधार आहे. स्वररज्जूंच्या ऊतींचा चिकटपणा वाढला किंवा दोन रज्जूंमधील फट रुंदावली तर किमान दाब वाढतो, हे इंगो टिट्झे यांनी १९८८ मध्ये गणिताने मांडले. मोजणीसाठी घशात काही घालावे लागत नाही. स्मिथेरन व हिक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ओठांमधून एक बारीक नळी तोंडात ठेवतात व ‘प’ने सुरू होणारे अक्षर पुन्हा पुन्हा म्हणावयास सांगतात. ‘प’ उच्चारताना ओठ मिटतात आणि त्या क्षणी तोंडातील दाब स्वररज्जूंखालील दाबाइतका होतो. जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात हे केले म्हणजे किमान दाब हाती लागतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात चार स्त्रियांनी दोन तास मोठ्याने वाचन केले. चौघींचाही किमान दाब वाढला. भरपूर पाणी दिले तेव्हा तिघींमध्ये ही वाढ कमी झाली किंवा उशिरा दिसली.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. आदिवासी पाड्यावरील प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एकेका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. मुलांच्या घरची बोली वारली व पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते. छप्पर पत्र्याचे असेल तर पावसाळ्यात त्या आवाजावर आवाज चढवावा लागतो. अमेरिकेतील आयोवा व यूटा राज्यांत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५७.७ टक्के शिक्षकांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा आवाजाचा विकार झाल्याचे सांगितले. इतरांत हे प्रमाण २८.८ टक्के होते.

कारखानदार आपल्या यंत्राचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो. शिक्षिकेच्या कंठाचा घसारा मात्र कोणत्याही खतावणीत नाही. तो तिने स्वतःच्या शरीरातून भरावयाचा असतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याची स्थिती याहून बिकट. त्याचा आवाज बसला की त्या दिवसाची मजुरीही बसते. पोलंडमध्ये दीर्घकाळच्या आवाजश्रमाने जडलेले कंठविकार व्यवसायजन्य रोगांच्या अधिकृत यादीत आहेत. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणास जागा मिळाली, बोलून बोलून निकामी होणाऱ्या कंठास मिळाली नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. हे प्रयोग मोजक्या माणसांवर झालेले आहेत व सर्वांचे निष्कर्ष सारखे नाहीत. बोलणाऱ्यास श्रम जाणवतात, पण दाब तितका वाढलेला दिसत नाही, असेही घडते. उद्या मोजमाप आले की ‘यंत्रात काही दिसत नाही, सबब तक्रार खोटी’ असा शेरा मारण्याचा मोह प्रशासनास होईल. म्हणून आकड्याला साक्षीदाराचे स्थान द्यावे, न्यायाधीशाचे नव्हे. श्रम करणाऱ्याचे स्वतःचे सांगणे हाही पुरावाच आहे.

गंजाडपासून फार दूर नसलेल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. त्या त्यागापुढे मस्तक नमविणे उचितच. परंतु स्वेच्छेने केलेला त्याग ही इतरांवर लादण्याची सेवाशर्त होऊ शकत नाही. शिक्षकसंघटनांच्या मागणीपत्रकांत वेतनश्रेणीशेजारी आवाजाचेही कलम आले पाहिजे: कंठविकारास व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता, तासिका शिक्षकास पगारी आजारपणाची रजा, बहुवर्ग शाळेत जादा शिक्षक, गळ्यात अडकविण्याचा छोटा ध्वनिवर्धक आणि वर्गात पिण्याचे पाणी. यांतील शेवटच्या दोन गोष्टींना तर राज्याच्या तिजोरीतून फारसे काही काढावेही लागणार नाही. ज्यांच्या आवाजावर पाड्यावरचे पोर अक्षर शिकते, त्यांनी हक्क मागण्याच्या वेळी तरी घसा बसलेला असू नये.