वर्गाच्या ग्रुपवर जात विचारली जाते तेव्हा

शाळेत सायबर सुरक्षेचा तास झाला की मुलं चार गोष्टी पाठ करून घरी येतात. अनोळखी माणसाशी बोलू नका, ओटीपी सांगू नका, फोटो पाठवू नका, कुणी त्रास दिला तर ब्लॉक करा. सल्ला चुकीचा नाही. पण ज्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून तो तयार झालाय, त्याला धोका बाहेरून येतो. आपल्या मुलांना तो बऱ्याचदा शेजारच्या बाकावरून येतो.

नीटचे निकाल लागले की काय फिरतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आरक्षणावरचे मीम, 'कोट्यातला डॉक्टर', आणि मग कुणाला तरी टॅग करून 'तुझी कॅटेगरी काय रे?' पुढे हाच प्रश्न रँकच्या आडून येतो. आयआयटी मुंबईत फेब्रुवारी २०२३ मध्ये दर्शन सोळंकी गेला. त्यानंतर त्याच वर्षी संस्थेने लेखी सूचना काढल्या: दुसऱ्याची जेईई रँक विचारू नका, जातिवाचक विनोद फॉरवर्ड करू नका. देशातल्या सर्वांत हुशार म्हणवणाऱ्या मुलांना हे कॉलेजात सांगावं लागतं, म्हणजे ती तेरा-चौदा वर्षांची असताना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने १४ एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो डीपीला ठेवला. वर्गाच्या ग्रुपवर एकाने हसरा इमोजी टाकला, दुसऱ्याने जातीवरून एक शब्द टाकला, तिघांनी अंगठे दाखवले. तिने गुपचूप डीपी बदलला. घरी सांगितलं नाही, कारण आईने आधी फोनच काढून घेतला असता. ब्लॉक तरी कुणाकुणाला करणार? आणि ग्रुप सोडला तर गृहपाठ कुठून कळणार? तिने मला विचारलं, "ताई, परत लावू का फोटो?"

'लाव, घाबरतेस काय' म्हणणं सोपं होतं. पण शिर्डीत २०१५ मध्ये सागर शेजवळ या नर्सिंगच्या विद्यार्थ्याला मारून टाकलं, तेव्हा निमित्त बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनचं होतं. त्यामुळे मुलांची भीती उगाच नाही. फोटो लावायचा की नाही हे तिचं तिने ठरवावं. मात्र आपल्या मागे कोण उभं आहे हे तिला आधी माहीत असलं पाहिजे.

शाळाही यात कमी पडतात. तासाला 'घरचा पत्ता देऊ नका' म्हणणारी शाळाच शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गाच्या रकान्यासकट पालकांच्या ग्रुपवर टाकते. 'जातीचा दाखला इथेच पाठवा' असा मेसेजही येतो. त्या दाखल्यावर मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, जात, सगळं असतं.

मुलांना शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे पुरावा जपणं. मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' होण्याआधी स्क्रीनशॉट घ्यायचा. त्यात पाठवणाऱ्याचं नाव, नंबर, तारीख दिसली पाहिजे. मूळ चॅट आपल्या फोनमधून पुसायचं नाही. चिडून उलट शिवी द्यायची नाही, नाहीतर नंतर सगळी चर्चा त्या शिवीवरच होते. (लैंगिक फोटो-व्हिडिओ असेल तर मात्र तो साठवायचा नाही, पुढेही पाठवायचा नाही. लगेच मोठ्या माणसाला सांगायचं आणि १०९८ ला फोन करायचा.)

कायदा आपल्याला माहीत हवा. अॅट्रॉसिटी कायद्यात लोकांसमोर जातीवरून अपमान करणं गुन्हा आहे. 'लोकांसमोर' यात इंटरनेट येतं का, हा प्रश्न केरळ उच्च न्यायालयापुढे २०२२ मध्ये एका यूट्यूब व्हिडिओवरून आला होता. व्हिडिओ जेव्हा जेव्हा कुणी बघतं, तेव्हा तेव्हा पीडित व्यक्ती तिथे हजर आहे असंच धरावं लागेल, असं कोर्टाने म्हटलं. वर्गाच्या बंद ग्रुपबाबत वाद घातला जाऊ शकतो. शिवाय समोरचंही पोरच असतं, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. म्हणून मला वाटतं, सुरुवात मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन करावी, स्क्रीनशॉट जोडून आणि पोच घेऊन. तोंडी सांगितलं की 'मुलांची मस्करी हो' म्हणून प्रकरण मिटवलं जातं. लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं. नाहीच दिलं तर पोलिसांकडे जायचा रस्ता बंद झालेला नसतो.

हे सगळं आपल्या आईवडिलांनी करावं ही अपेक्षा फोल आहे. घरातला पहिला पदवीधर म्हणजे तसाही सगळ्या नात्यागोत्याचा फॉर्म भरणारा आणि ओटीपी सांभाळणारा माणूस. त्यात हे एक काम वाढलं म्हणायचं. पुतण्या, भाची, शेजारची पोरं यांना आजच सांगून ठेवायचं: काहीही आलं तरी मला दाखव, तुझा फोन कुणी काढून घेणार नाही. आणि त्यांच्या आईलाही तेच समजावायचं, कारण फोन तिच्या हातात असतो.

जूनमध्ये पालकसभा होईल. एखाद्या मुलाच्या आईबरोबर आपणही जाऊन बसू आणि दोनच गोष्टी मागू. यादीतला प्रवर्गाचा रकाना ग्रुपवर जाणार नाही, आणि सायबर सुरक्षेच्या तासाला 'जात' हा शब्द उच्चारला जाईल.