दार उघडं, पत्ता गायब
गंगापूर रोडच्या घरात जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर थाटला. घरच्या वायफायवर पान झटकन उघडायचं. पंचवटीतल्या मेहुण्याच्या मोबाइलवर मात्र चक्र नुसतं गरगरत राहायचं. तीन रात्री राउटरमध्ये ८० आणि ४४३ पोर्टांशी झटापट केली. वेडेपणाच! राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ताच १००.७२ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२पासून इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक वापरासाठी राखीव आहे. म्हणजे वाड्याला दिंडीदरवाजा एकच, आतली बिऱ्हाडं बाहेर कुणाला दिसत नाहीत. आयपीव्ही४चे पत्ते मुळात जेमतेम ४३० कोटी, म्हणून ही काटकसर. तेव्हा पोर्ट उघडण्याआधी तो पत्ता बघा, आणि याच पट्ट्यातला निघाला तर कंपनीकडे सरळ पब्लिक आयपी मागा.